दुसऱ्या गिअरातला बंब

जुळे सोलापुरात राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारी डोकावलो, तर परसात एक उघडेबंब गृहस्थ तांब्याच्या बंबाला कान लावून बसले होते. कान अगदी टेकवला नव्हता, वीतभर अंतर होतं. पण डोळे मिटलेले, मान तिरकी, आणि चेहऱ्यावर मैफलीत पुढच्या रांगेत बसलेल्या जाणकाराचा भाव. मी शेजारधर्म म्हणून जोरात ‘नमस्कार!’ म्हणालो. त्यांनी डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं.

“गप बसा. दुसऱ्या गिअरात पडलाय.”

मी गप्प बसलो. बंब हलकेच गुरगुरत होता. थोड्या वेळाने त्यांनी धुराड्याच्या तोंडावर ठेवलेला जुना तवा पेरभर सरकवला, पुन्हा कान दिला, मान हलवली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“हं. आता बोला. मास्तर न्हवं तुमी? काल टेंपोतनं रंगाचे डबे उतरताना बघितले मी.”

हे सिद्रामअण्णा. बायको सोडून सगळं जग त्यांना अण्णाच म्हणतं. त्यांचा मुलगा महेशसुद्धा. मी शाळेत चित्रकला शिकवतो, तेव्हा माणसं निरखून बघायची मला सवय आहे. पण हा माणूस मी नुसता निरखला नाही, चक्क भिंतीवर कोपरं टेकून रोज सकाळी बघितला. आमची रेखा म्हणते, “तुम्ही पेपर बंद करा. शेजारी बघितलं की तुमचं भागतं.” खरं आहे.

ज्यांच्या घरी कधी बंब नव्हता त्यांच्यासाठी सांगतो. बंब म्हणजे तांब्याचं एक मोठं पिंप. त्याच्या पोटातून आरपार एक नळी जाते, तेच त्याचं धुराडं. नळीच्या तळाशी जाळी, जाळीवर विस्तव. वरून लाकूड सोडायचं, खालून वारा आत शिरतो आणि जाळ घेऊन वर जातो. नळीभोवतीचं पाणी तापतं, बाजूच्या तोटीतून काढायचं. जाळीखाली एक छोटं तोंड असतं, तिथे राख साठते. बस, एवढंच यंत्र. पण अण्णांनी त्याला क्लच, ब्रेक आणि चार गिअर बसवले होते. म्हणजे मनातल्या मनात.

कारण अण्णा सगळी नोकरी एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. आणि ड्रायव्हर कसले? डिझेल वाचवण्यात त्यांचा हात धरणारा डेपोत कुणी नव्हता. “ब्रेक मारला की डिझेल गेलं,” हे त्यांचं ब्रह्मवाक्य. अक्कलकोट रोडवर लांबून स्टँडचं लिंबाचं झाड दिसलं की अण्णा पाय उचलायचे आणि गाडी आपली आपण घरंगळत, नेमकी फलाटाला येऊन टेकायची. उतारूंना कळायचंही नाही कधी थांबली ते. पेंगलेले लोक तसेच बसून राहायचे आणि कंडक्टर हलवून सांगायचा, “उतरा की, अक्कलकोट आलं कवाच.”

रिटायर झाले तरी पाय उचलायची सवय गेली नाही. स्कूटरवरून येताना गल्लीच्या कोपऱ्यावर इंजिन बंद करतात आणि आवाज न करता फाटकापर्यंत येतात. मध्ये कुणी आलं तर ब्रेक नाही, हॉर्न नाही, नुसतं “सरका की वो!” चहा उकळायच्या आत गॅस बंद करतात. “उरल्याल्या धगीवर हुतंय.” एकदा माझ्या घरी आले, पंखा बंद केला आणि पाती थांबेपर्यंत त्याच्याखाली बसून राहिले. “मास्तर, ह्ये वारं फुकटचं हाय. घ्या की.”

आणि या सगळ्या बचतीचा कळस म्हणजे बंब.

आता तुम्ही म्हणाल, सोलापुरात पाणी तापवायला माणूस कशाला लागतो? उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळातून असं येतं की त्यात चहाची पूड टाकावी. खरं आहे. पण थंडीचे दोन-तीन महिने सोलापूरही हाडात शिरतं. महेशने घरात गिझर बसवला होता. तो, त्याची बायको, त्यांची मुलगी सगळे आत नळ सोडून आंघोळ करायचे. बंबावर राहिले दोघेच: अण्णा आणि त्यांची बायको, मालनकाकू. काकूंचं गिझरशी जमलं नाही. “भितीतनं आल्यालं पानी कसं अंगावर घ्यायचं बाई? कुटनं येतंय काय म्हाईत.” परसात पत्र्याची न्हाणी होती, शेजारी बंब, पलीकडे गार पाण्याचं पिंप. काकू तिथेच आंघोळ करायच्या. आणि कधी? सगळं आवरल्यावर. नातीचा डबा, सुनेचा डबा, झाडलोट, धुणं, भाजी, भाकरी, देवपूजेची तयारी. उन्हं परसातल्या शेवग्यावरून खाली उतरली की मग काकू साडी खांद्यावर टाकून न्हाणीत जायच्या. जन्मात त्यांनी त्याआधी अंगावर पाणी घेतलेलं नाही. घर आवरल्याशिवाय आंघोळ त्यांना लागतच नाही.

अण्णांचा खेळ असा होता: पहाटे बाभळीचा एकच ओंडका पेटवायचा, आणि तेवढ्यावर काकूंच्या आंघोळीपर्यंत पाणी कडक राहिलं पाहिजे.

“मग मध्ये अजून एक लाकूड टाका की,” मी भिंतीवरून शहाणपणा केला.

“मग अॅव्हरेज कुटं ऱ्हायलं मास्तर?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाडीला मागून धक्का मारा म्हणालो होतो.

पहिला प्रयोग तव्याचा. ओंडका पेटला की धुराड्यावर तवा पूर्ण झाकायचा. जाळ मंद, लाकूड टिकणार. ओंडका टिकला, पण कोंडलेल्या धुराने खालचं तोंड शोधलं आणि तो जमिनीवरून सरपटत आमच्या भिंतीवर चढून रेखाच्या दोरीवर येऊन बसला. त्या दिवशी शाळेत क्रीडा महोत्सव होता. मी पांढरा शर्ट घालून मुलांच्या रांगेपुढून गेलो, तर मागून एकजण दुसऱ्याला म्हणतोय, “सर हुरडा खाऊन आलेत रे, आपल्याला नाही आणला.”

रेखाने भिंतीवरून जाहीर केलं, “अण्णा, एकदा पेटवताना होईल तो धूर होऊ द्या. पहाटे माझी दोरी रिकामी असते. पण एकदा का मी कपडे वाळत घातले, की बंबातून रेघ दिसता कामा नये. दिसली तर तुमचे सगळे कपडे मी धुवायला नेईन आणि परत देणार नाही.”

“बराबर हाय तुमचं वैनी,” अण्णा म्हणाले. त्यांना नियम आवडतात. नियम असला की त्यात बसून डिझेल वाचवता येतं.

दुसरा प्रयोग धुराचा बंदोबस्त करण्यासाठी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत महेश टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. तिथल्या भंगारातून अण्णांनी एक उंच पत्र्याची नळी आणवली आणि धुराड्यावर उभी केली. आमच्या घरापेक्षा बंब उंच दिसायला लागला. पहाटे पेटवला आणि काय सांगू! नळी उंच झाली तशी खेच वाढली. जाळ आत असा ओढला गेला की बंब गरजायला लागला. मी अंथरुणात उठून बसलो. वाटलं, गल्लीत ट्रक शिरला. भिंतीवरून पाहतो तर अण्णा घाबरेघुबरे होऊन बंबाभोवती फिरताहेत.

“टॉपला गेला वो मास्तर! टॉपला!”

दूधवाला यायच्या आत ओंडक्याची राख झाली. पाणी मात्र खळखळा उकळत होतं. अण्णांना वाटलं, एवढं उकळलंय तर राहील की तासन्‌तास. पण काकू न्हाणीत गेल्या तोवर पाणी मेलेलं. विस्तव विझला होता, तरी उघड्या नळीतून गार वारा वर जातच होता आणि जाता जाता पाण्याची धग सोबत नेत होता.

अण्णांनी नळीत हात घालून तो वारा अनुभवला आणि सुन्न झाले. “इंजिन बंद हाय, पर पंखा चालूच ऱ्हायलाय!”

उंच नळी भंगारात परत गेली. मग एक ओला ओंडका झाला. तो जळला नाही आणि विझलाही नाही, नुसता रडला. आतून डांबरासारखा रस गळाला, काजळीने नळी निम्मी बुजली, आणि ती खरवडताना अण्णा असे काळे झाले की नात घरातून ओरडली, “आजी, कोणतरी आलंय!”

आणि इथे महेश मध्ये पडला. त्याने गाडी घ्यायची ठरवली होती. पाडव्याला गाडी येणार, तर ती ठेवायला परसाशिवाय जागा नाही. न्हाणी पाडायची, बंब मोडीत द्यायचा, फरशी घालायची. “गड्डा संपला की गवंडी येणार,” त्याने सांगून टाकलं. गड्डा म्हणजे आमची संक्रांतीची जत्रा. ती संपली की सोलापुरातली सगळी राहिलेली कामं सुरू होतात.

मला वाटलं, आता अण्णा भांडतील. पण अण्णांनी ड्रायव्हरसारखा शांतपणे विचार केला. “गड्डा संपस्तवर दम धर. एका ओंडक्यावर, बिगर धुराचं, तुज्या आईच्या आंगुळीपातुर पानी कडक ऱ्हायलं, तर गाडी रोडवर लावायची. न्हाय ऱ्हायलं, तर मी सोता बंब उचलून भंगारवाल्याच्या गाड्यावर ठेवतो.”

महेश हसला. बापावर त्याचा जीव आहे, पण गाडीवर जास्त होता. “चालेल अण्णा. पण ठरवणार कोण?”

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. अंपायर व्हायला मी नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. नाहीतरी भिंतीवर असतोच.

“फकस्त एक,” अण्णा आवाज खाली आणून म्हणाले, “ह्यातलं हिच्या कानावर जाता कामा न्हाय.”

शोध लागला तो पायाने. एका सकाळी अण्णा बंबापुढे स्टुलावर बसले होते. राखेचं तोंड उघडंच असायचं. तिथे एक वीट पडली होती, ती त्यांच्या उजव्या पायाने सहज पुढे ढकलली गेली. बंबाचा आवाज उतरला. अण्णांनी पाय मागे घेतला, आवाज चढला. पुढे, उतरला. मागे, चढला. अण्णा जागच्या जागी स्टुलावरून उठले आणि पुन्हा बसले.

“मास्तर!” ते ओरडले. “अॅक्सिलेटर खाली हाय वो! गाढवावानी मी आजवर टपावर बसून गाडी चालवत हुतो!”

तिथून पुढे जे दृश्य दिसायला लागलं ते बघायला मी शाळेला उशिरा गेलो असतो. स्टूल, स्टुलावर ताठ बसलेले अण्णा, उजवा पाय विटेवर, डावा हात तव्यावर, नजर समोर. पहाटे वीट पूर्ण बाहेर. जाळ मोकळा, धूर काय व्हायचा तो होऊन जायचा. ओंडका सगळीकडून लाल झाला की वीट हळूहळू आत, दोन बोटांची फट ठेवून. वर तवा निम्मा, म्हणजे नळीतून फुकटचा वारा पळायला नको. खालून जेवढा श्वास, तेवढाच जाळ. धूर नाही, आवाज नाही. आत नुसता अंगार, वरून साय धरल्यासारखी राख.

“आता बघा,” अण्णा म्हणायचे. “लिंबाचं झाड दिसलंय. पाय उचललाय. जातंय कसं सरळ स्टँडात.”

तरीही पाणी गार व्हायचं. रोज. अण्णा सगळं जुळवून बाजारात जायचे, परत यायचे तोवर ओंडका संपलेला. वीट कधी भिंतीला टेकवून ठेवलेली, तीही पुसून. अण्णांना वाटायचं, आपणच विसरलो. वयाची शंका येऊन त्यांनी बदाम खायला सुरुवात केली.

चोर मी पकडला. अण्णा बाजारात गेले होते आणि मी भिंतीवर. मालनकाकू खापरी घेऊन बाहेर आल्या, वीट उचलून बाजूला ठेवली, सळईने राख पुढे ओढली, खापरी भरली आणि निघाल्या.

“काकू, हे काय?”

“राख की वो. भांड्याला. त्या पावडरीनं हात सुळसुळीत हुत्यात, भांडं निघालंय का न्हाय कळतच न्हाय.”

खालचं तोंड सताड उघडं ठेवून त्या आत गेल्या. बंब लगेच गुरगुरायला लागला. म्हणजे रोज स्वतःच्या आंघोळीचं पाणी गार करायची व्यवस्था काकू स्वतःच्या हाताने करत होत्या, आणि तीही पातेली चकचकीत व्हावीत म्हणून!

मी ही बातमी अण्णांना कशी सांगितली ते विचारू नका. हावभावांसकट सांगितली. मला वाटलं होतं ते हसतील. ते डोकं धरून बसले.

“मग सांगा की त्यांना, राख काढू नका म्हणून.”

“का म्हनून इचारंल ती.”

“मग सांगा का ते.”

“न्हाय सांगायचं ठरलंय न्हवं?” अण्णा म्हणाले आणि स्कूटर काढून गेले.

परत आले ते राखाडी होऊन. भुवया, मिशा, शर्ट, सगळं एका रंगाचं. सोलापुरात घराघरांतून कडक भाकरी थापून विकणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या चुली दिवसभर पेटलेल्या. त्यातल्या एकीकडून अण्णा पोतंभर राख मागून घेऊन आले होते. बाई म्हणाली म्हणे, “आजोबा, भाकरी न्या की. राख काय करताय?” ती राख त्यांनी काकूंच्या डब्यात भरून ठेवली, गळ्यापर्यंत. काकूंना आता बंबाचं तोंड उघडायचं कारण उरलं नाही.

दोन दिवसांनी भिंतीपलीकडून संवाद ऐकू आला.

“काय वो, आताशा लई राख पडाय लागलीय.”

“बाभळ हाय. बाभळीला पडती.”

“आनि राखंत भाकरीचा पापुद्रा कसा?”

डब्याचं झाकण घट्ट लावल्याचा आवाज. मग अण्णांचा आवाज, “वाऱ्यानं आला आसंल.”

रविवार आला. पहाटे ओंडका पेटला, रेखाच्या दोरीवर कपडे चढले, धुराची रेघ नाही. शेवग्यावरून ऊन उतरलं, काकू न्हाणीत गेल्या, ओले केस पंचाने झटकत बाहेर आल्या. महेश मुद्दाम घरी थांबला होता. त्याने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, पाणी कसं होतं?”

“हाय की. चांगलं गरम हाय.”

महेश खिलाडू मुलगा. आई आत गेल्यावर त्याने बापापुढे हात केला. “जिंकलात अण्णा. गाडी रस्त्यावर.”

अण्णांनी हात हातात घेतला नाही. “न्हाय. हारलो.”

“अहो, आईनेच सांगितलं ना?”

“ती काय बी सांगती,” अण्णा म्हणाले आणि फाटकाबाहेर पडले.

मी चप्पल अडकवून मागे गेलो. कोपऱ्यावर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर ते बसले होते. मी म्हणालो, “अण्णा, अंपायर मी आहे. मी तुम्हाला विजयी घोषित करायला तयार होतो.”

“मास्तर,” ते म्हणाले, “नोकरीभर पहिली गाडी माजी. म्हनून पहिली आंगूळ बी माजी. कडकडीत पानी. आत बसल्या बसल्या वराडायचो, ‘इसन आन गं!’ ही पळत यायची.”

विसण म्हणजे कढत पाण्यात घालायचं गार पाणी. अण्णा त्याला इसन म्हणतात.

“माज्यामागनं भाऊ, भाऊजया, पोरं, पै-पावनं. सगळ्यात शेवटी ही. थोरली सून न्हवं. मला काय म्हाईत? मी कवाच रोडवर. रिटायर झालो, घरी बसलो, आनि एक दिवस हिची बादली उचलून देताना माजं बोट बुडालं. मास्तर, हिरीचं पानी बरं. मी म्हनलं, ‘आगं, ह्ये गार हाय.’ तर म्हनली, ‘हाय की गरम.’”

त्यांनी तेच बोट माझ्यापुढे धरलं.

“म्हनलं, तुज्यासाठी परत पेटवतो. तर म्हनली, ‘येकटीसाठी बंब? लोक काय म्हनतील?’ तरी एकदा पेटवला मी. तर त्या दिवशी आंगूळच केली न्हाय तिनं. हातपाय धुतलं आन कामाला लागली. तिला उरल्यालंच चालतं. आता ह्याला काय करायचं? मग म्हनलं, उरल्यालंच कडक ठेवायचं.”

मी कट्ट्यावर त्यांच्याशेजारी बसलो.

“गरम हाय का इचारून उपेग न्हाय,” अण्णा उठत म्हणाले. “ती आतनं इसन मागंल, तवा जिंकलो. आजपातुर तिनं इसन मागितल्यालं मी ऐकलं न्हाय.”

त्यानंतरचे दिवस अण्णांनी जे केलं त्याला मी जिद्द म्हणतो, रेखा वेड म्हणते. ओंडके पारखले, खडखडीत वाळलेले, गाठीचे. बंबाला गोणपाट गुंडाळलं. राखेच्या तोंडात नीट बसेल अशी वीट घासली. पाणी रोज आदल्या दिवसापेक्षा बरं राहायचं, पण न्हाणीतून तांब्याचा आवाज येण्यापलीकडे काही येत नव्हतं. गड्डा भरला, पाळणे फिरले, पाळणे उतरले. गवंडी सोमवारी येतो म्हणाला.

रविवारी सकाळी महेश परसात टेप लावून गाडीची लांबी मोजत होता. मी भिंतीवर. थंडी कडाक्याची होती. अण्णा न्हाणीत होते आणि आतून जोरजोरात उद्गार येत होते, “आहाहा! काय पानी हाय! पोळतंय नुसतं!” मला जरा नवल वाटलं, कारण मी राहायला आल्यापासून अण्णा आंघोळ करताना कधी बोलले नव्हते. दार उघडून ते बाहेर आले. त्यांच्या मागून न्हाणीतून वाफेचा एक धागाही आला नाही. ओठ निळे पडलेले, अंगावर काटा, आणि दात असे वाजत होते की मला भिंतीवर ऐकू आले.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. बंबातून जेवढं गरम पाणी काढावं, तेवढं गार त्यात परत ओतायचं, ही घराघरातली रीत. म्हणजे अण्णांची बादली निघाली की काकूंच्या पाण्यात एक बादली गार पडणार. ओंडका, वीट, तवा, सगळं जमलं होतं. मध्ये उरली होती ती अण्णांची स्वतःची आंघोळ. बंबाची तोटी कोरडी होती. त्यांनी बंबाला हातच लावला नव्हता. बादली थेट पिंपात बुडवून गार पाणी घेऊन ते आत गेले होते.

“अण्णा, तुम्ही गार पाण्याने—”

“हळू बोला मास्तर,” ते पंचा आवळत कुजबुजले. “आत भाकरी थापती ती. आनि माजं दात वाजत्यात त्ये ऐकू येतंय का हो तितवर?”

ते उन्हात जाऊन बसले. रेखा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. महेश टेप धरून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात होता. ऊन शेवग्यावरून खाली आलं. काकू साडी खांद्यावर टाकून आल्या, तोटी सोडली, बादली भरली, न्हाणीचं दार लावलं.

तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला. आणि मग तो तांब्या फरशीवर पडल्याचा.

“आई गं!” काकू किंचाळल्या. “अवो! आवो ऐकताय का? इसन आना की जरा! कातडं सोलून निघंल माजं!”

महेशच्या हातातून टेपचं टोक सुटलं आणि टेप सर्रकन डबीत शिरली. त्याने आयुष्यात आईला कुणाला हाक मारून काही मागताना ऐकलं नव्हतं. गच्चीवरून रेखाने विचारलं, “कोण ओरडलं?” मी म्हणालो, “काकू.” ती म्हणाली, “मालनकाकू? ओरडल्या?” आणि हातातला ओला टॉवेल तसाच धरून कठड्याशी येऊन उभी राहिली.

अण्णा उठले होते. सगळ्या नोकरीत घाई न केलेला माणूस पिंपाकडे धावला. विसण द्यायचा तांब्या सापडेना. पहिल्यांदाच शोधत होते; हा तांब्या कुठे असतो हे त्यांना माहीतच नव्हतं. शेवटी एक पातेलं घेतलं, बुडवलं, निम्मं पाणी आपल्याच पायांवर सांडत दारापर्यंत नेलं आणि फटीतून आत दिलं.

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला.

“यवढं कडक कुनी ठिवतं व्हय?”

“चुकलं,” अण्णा म्हणाले. पत्र्याच्या भिंतीला टेकून उभे होते, डोळे मिटून.

“आजून आना.”

“आजून?”

“व्हय, आजून! यवढ्यानं काय हुतंय?”

अण्णा पातेलं घेऊन पुन्हा पिंपाकडे पळाले. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही; एकेक तांब्या जपून वापरणारा तो माणूस पिंपातून पातेलं काठोकाठ भरून घेत होता, वाटेत सांडत होता, आणि दारातून देऊन परत येताना विचारत होता, “आजून?”